पाणी भरपूर, तरी पोटऱ्या वळतात: उन्हात राबणाऱ्या शरीराचा पाण्या-मिठाचा हिशेब

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. त्यातला मुख्य भाग असा:

‘माझे सासरे ६४ वर्षांचे, वजन ६२ किलो. मे महिन्यात काडीकचरा वेचणं, धुरे साफ करणं, शेणखत पसरवणं अशी कामं चालू आहेत. सकाळी सहाला शेतात जातात ते बाराला परततात. तीन वर्षांपासून बीपीची गोळी चालू आहे. एकाच गोळीत टेल्मिसार्टन ४० आणि हायड्रोक्लोरोथायझाइड १२.५ आहे. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं म्हणून त्यांचं जेवण मी पूर्ण अळणी करते. ऊन लागू नये म्हणून दिवसाला सात-आठ लिटर पाणी पाजतो. तरी रात्री पोटऱ्या वळतात, संध्याकाळी मळमळतं, डोकं धरतं. दोन-तीन दिवसांपासून सुस्त वाटतात. गुडघ्यासाठी मेडिकलमधून आणलेली डायक्लोफेनॅकची गोळी रोज घेतात. पाणी आणखी वाढवू का? माझा मुलगा नववीत आहे, त्याला ऊती (एकसारख्या पेशींचे समूह) आणि समस्थिती (शरीराचा आतला समतोल) शिकवलंय. तो विचारतो, चार ऊतींपैकी आजोबांची कोणती बिघडली?’

ताई, पाणी वाढवू नका. तुम्ही सगळं काळजीपोटी करताय आणि त्यातली एकेक गोष्ट सुटी घेतली तर बरोबरही वाटते. पण अळणी जेवण, साधं पाणी, घाम आणि या दोन गोळ्या हे सगळं एकाच माणसाच्या अंगात एकत्र आलं आहे. लक्षणांवरून रक्तातलं सोडियम उतरल्याचा दाट संशय येतो, आणि मूत्रपिंडांवर ताण पडत असल्याची शक्यताही आहे. खात्री रक्ततपासणीनेच होईल.

आजच करायची कामं आधी सांगतो. डायक्लोफेनॅक बंद करा. सासऱ्यांना शेतात पाठवू नका. रक्तातलं सोडियम, पोटॅशियम आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडं गाळून बाहेर टाकतात तो टाकाऊ पदार्थ) तपासून घ्या. तिन्ही एकाच नमुन्यातून होतात आणि तालुक्याच्या लॅबमध्ये त्याच दिवशी रिपोर्ट मिळतो. ज्या डॉक्टरांनी बीपीची गोळी दिली त्यांना आज फोन करून या सगळ्या गोष्टी एकत्र सांगा. अशा वेळी ती गोळी काही दिवस थांबवावी लागते किंवा बदलावी लागते, पण तो निर्णय बीपी मोजून त्यांनीच घ्यायचा. तुमच्या मनाने गोळी बंद करू नका. बीपी मोजताना आडवं झोपवून एकदा आणि उभं केल्यावर तीन मिनिटांच्या आत पुन्हा एकदा मोजायला सांगा. उभं राहिल्यावर वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त उतरला, तर अंगात मीठ-पाणी कमी पडल्याची ती खूण असू शकते.

उलट्या सुरू झाल्या, बोलणं असंबद्ध झालं, माणसं ओळखू येईनात, झटका आला किंवा जागं करूनही नीट जागे होत नाहीत असं वाटलं, तर रिपोर्टची वाट न पाहता १०८ला फोन करून रुग्णालय गाठा. वाटेत घोटभरही पाणी पाजू नका.

आता कारण. ६२ किलोच्या या वयाच्या पुरुषाच्या अंगात साधारण ३३ लिटर पाणी असतं. त्यातलं दोन तृतीयांश, म्हणजे २२ लिटर, पेशींच्या आत असतं. उरलेलं ११ लिटर पेशींच्या बाहेर असतं आणि त्यातलं जेमतेम पावणेतीन-तीन लिटर रक्तद्रवात फिरतं. पेशींच्या आतलं प्रमुख क्षारद्रव्य पोटॅशियम, बाहेरचं सोडियम. पेशीच्या पटलातून पाणी सहज ये-जा करतं, सोडियमला तशी मोकळीक नसते. बाहेर सोडियम जास्त झालं की पाणी पेशीतून बाहेर येतं आणि पेशी आक्रसते. बाहेर सोडियम कमी झालं की पाणी आत शिरतं आणि पेशी फुगते. म्हणूनच शरीर रक्तातलं सोडियम १३५ ते १४५ मिलिमोल (क्षार मोजायचं लॅबचं एकक) प्रति लिटर या अरुंद पट्ट्यात धरून ठेवतं. मेंदूतल्या अधश्चेतकातल्या (हायपोथॅलॅमस) काही चेतापेशी रक्ताच्या घट्टपणातला एक-दोन टक्के फरकही टिपतात. रक्त घट्ट झालं की तहान लागते, मेंदूखालच्या पीयूषिका (पिट्युटरी) ग्रंथीतून पाणी राखणारं संप्रेरक सुटतं आणि मूत्रपिंड लघवीतून पाणी जाऊ देत नाही. रक्त पातळ झालं की ते संप्रेरक थांबतं आणि जादा पाणी फिक्या लघवीवाटे निघून जातं.

घाम रक्तापेक्षा फिका असतो. १ लिटर घामात माणसागणिक आणि सवयीगणिक साधारण १ ते ४ ग्रॅम मीठ जातं. नुसता घाम गेला आणि पाणी प्यायलं नाही, तर रक्तातलं सोडियम वाढतं. पण गेलेला सगळा घाम साध्या पाण्याने भरून काढला तर सोडियम उतरतं, कारण पाणी परत आलं आणि मीठ आलंच नाही. तुमच्या सासऱ्यांचा हिशेब मांडून पाहू. सकाळभरात ३ लिटर घाम गेला आणि लिटरमागे ५० मिलिमोल सोडियम गेलं असं धरलं, तर १५० मिलिमोल सोडियम, म्हणजे जवळपास ९ ग्रॅम मीठ अंगातून गेलं. जागेवर ३ लिटर साधं पाणी आलं. एवढ्यानेच रक्तातलं सोडियम १४० वरून १३५-१३६च्या आसपास येतं. रात्री मिठाचं जेवण मिळालं असतं तर सकाळपर्यंत भरून निघालं असतं. अळणी भाकरी-भाजीतून मीठ जेमतेम मिळतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा घाम, पुन्हा साधं पाणी.

तरीही धडधाकट मूत्रपिंडांनी जादा पाणी बाहेर टाकून बरंच सावरलं असतं. निरोगी माणसाची मूत्रपिंडं तासाला पाऊण ते एक लिटर पाणी काढू शकतात. इथे आडवं येतं ते हायड्रोक्लोरोथायझाइड. मूत्रपिंडातल्या सूक्ष्म नळीचा एक भाग असा असतो की तिथे सोडियम आणि क्लोराइड परत रक्तात ओढलं जातं, पाणी मात्र नळीतच राहतं. त्यामुळे लघवी फिकी होते. थायझाइड, म्हणजे हेच औषध, नेमकी ही ओढच अडवतं. मीठ लघवीतून जात राहतं आणि लघवी पुरेशी फिकी करण्याची क्षमता घटते, म्हणजे प्यायलेलं पाणी अंगात अडकून राहतं. बीपीसाठी हे चांगलं औषध आहे आणि लाखो लोक ते नीट घेतात. पण वयस्कर माणसांत सोडियम उतरवण्याबद्दलही ते ओळखलं जातं. सात-आठ लिटर पाण्याच्या जोडीला तर त्याची भीती जास्तच.

स्नायूतलं आणि नसांच्या टोकांतलं मीठ-पाणी असं हललं की दमलेला स्नायू जरा निमित्त मिळताच आखडतो. रात्री पोटऱ्या वळतात त्याचं हे एक कारण. दिवसभराचा थकवा हेही कारण आहेच. मळमळ, डोकेदुखी आणि सुस्ती मात्र जास्त महत्त्वाची, कारण ती मेंदूकडून येते. हातापायाच्या पेशी फुगल्या तर त्यांना पसरायला जागा असते, कवटीत ती नसते. सोडियम हळूहळू उतरलं तर मेंदूच्या पेशी आतले क्षार बाहेर टाकून स्वतःला जुळवून घेतात. त्यामुळेच अशा माणसाला घरी मिठाचं पाणी पाजून सोडियम एकदम वर आणणं धोक्याचं असतं. रुग्णालयातसुद्धा ते २४ तासांत ८ ते १० मिलिमोलपेक्षा जास्त चढू नये याकडे लक्ष ठेवतात. तुमच्या घरात कुणी ‘वाटीभर मीठ-पाणी द्या’ म्हणालं तर ऐकू नका.

दुसरा धोका मूत्रपिंडाचा. माझ्या मते तो जास्त दुर्लक्षित आहे, कारण दुखण्याची गोळी कुणी औषधात धरतच नाही. डॉक्टरांनी विचारलं तरी लोक बीपीचीच गोळी सांगतात. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे १० लाख गाळण्या असतात. गाळणीत रक्त आणणारी एक बारीक वाहिनी असते, बाहेर नेणारी दुसरी. दोन्हींच्या भिंतीत अपट्टकी, म्हणजे आपल्या इच्छेविना चालणारी, स्नायू ऊती असते आणि ती आवळून-सैल होऊन गाळणीतला दाब टिकवते. अंगात पाणी कमी पडलं की आणणारी वाहिनी शरीरातच तयार होणाऱ्या प्रोस्टाग्लँडिन या रसायनाच्या मदतीने सैल राहते आणि नेणारी वाहिनी अँजिओटेन्सिन या संप्रेरकाच्या जोरावर आवळली जाते. त्यामुळे रक्त कमी आलं तरी गाळणं चालू राहतं. डायक्लोफेनॅक प्रोस्टाग्लँडिन तयार होऊ देत नाही, म्हणजे आणणारी वाहिनी आवळते. टेल्मिसार्टन अँजिओटेन्सिनला काम करू देत नाही, म्हणजे नेणारी सैल पडते. थायझाइड आणि घाम मिळून मुळात रक्तद्रवच कमी करतात. तीन बाजूंनी दाब उतरतो आणि गाळणं मंदावतं. लघवी कमी झाली नाही तरी क्रिएटिनिन चढू शकतं, म्हणून नुसत्या लघवीवर विसंबू नका. आयब्युप्रोफेन, नेप्रोक्सेन, एसिक्लोफेनॅक या गोळ्यांनीही हेच होतं. नाव वेगळं आणि पाकीट वेगळं असलं तरी जात एकच.

गुडघ्यासाठी तोवर पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅमची एक गोळी दुखेल तेव्हा चालेल. दोन गोळ्यांत किमान सहा तासांचं अंतर ठेवा, दिवसात चारच्या वर नको. यकृताचा आजार असेल किंवा रोज दारू असेल तर तीही डॉक्टरांना विचारूनच. मांडीचा पुढचा स्नायू बळकट करण्याचा साधा व्यायाम गुडघ्याला खरा आधार देतो: खुर्चीत बसून एक पाय सरळ करायचा, पाच आकडे धरून ठेवायचा, सावकाश खाली आणायचा. दहा-दहा वेळा, दिवसातून दोनदा. थंडाव्यात बसून करावा.

रिपोर्ट हातात आला की असं वाचा. सोडियम १३० ते १३४ म्हणजे थोडं उतरलेलं, पण लक्षणं आहेत म्हणून डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवा. १२५ ते १२९ मध्यम, १२५च्या खाली गंभीर. या दोन्हींत रुग्णालयात जायला हवं. पोटॅशियम ३.५ ते ५ मध्ये असावं. थायझाइड ते उतरवतं, टेल्मिसार्टन चढवतं, त्यामुळे कुठे जाईल ते मोजल्याशिवाय सांगता येत नाही. क्रिएटिनिनचा नुसता आकडा न पाहता जुना रिपोर्ट शोधून शेजारी ठेवा. पूर्वी ०.९ असेल आणि आता १.४ असेल तर लॅबच्या कागदावर फारसा फरक दिसणार नाही, पण दीडपट वाढ म्हणजे मूत्रपिंडांना मार बसला आहे.

रिपोर्ट येईपर्यंत पाणी तहान लागेल तेवढंच द्या. जेवणात घरच्या सगळ्यांना असतं तेवढं मीठ घाला. ‘मीठ कमी करा’ आणि ‘मीठ बंद करा’ यांत फरक आहे. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे चहाचा सपाट एक चमचा. पापड, फरसाण, वरून घेतलेलं मीठ टाळायचं ते या हिशेबात. पण हा सल्ला रोज दोन-तीन लिटर घाम गाळणाऱ्यासाठी म्हणून दिलेला नाही. मे महिन्यातल्या कामाच्या दिवसांत त्यांना किती मीठ द्यायचं हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. ‘ते शेतात सहा तास राबतात’ हे वाक्य आवर्जून सांगा, नाहीतर समोरचा घरी बसलेल्या माणसाचा सल्ला देईल. आणि बीपीवाल्यांसाठी म्हणून मिळणारं कमी सोडियमचं मीठ आणू नका. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं, आणि टेल्मिसार्टन घेणाऱ्या, मूत्रपिंड नाजूक झालेल्या माणसाला ते घातक ठरू शकतं. नारळपाण्यातही पोटॅशियम भरपूर असतं, म्हणून रिपोर्ट चांगला येईपर्यंत तेही थांबवा.

आता मुलाच्या प्रश्नाकडे, कारण प्रश्न फार चांगला आहे. बाळा, आजोबांची एकही ऊती मुळात बिघडलेली दिसत नाही. चौघी आपापलं काम करताहेत. बिघडलं आहे ते त्यांना मिळणारं साहित्य आणि त्यांच्यातलं दळणवळण. पट्टकी, म्हणजे हाडांना जोडलेली, स्नायू ऊती फावडं चालवते तेव्हा खर्च झालेल्या ऊर्जेचा पाव हिस्साच कामाला येतो, बाकीची उष्णता होते. ती उष्णता रक्त, म्हणजे द्रवरूप संयोजी ऊती, त्वचेपर्यंत वाहून आणतं. एरवी त्वचेतून मिनिटाला अर्ध्या लिटरपेक्षाही कमी रक्त फिरतं, कडक उन्हात ते सहा-सात लिटरपर्यंत जाऊ शकतं. हृदय दमतं ते यामुळे. त्वचेतल्या २० ते ४० लाख घामग्रंथी अभिस्तर, म्हणजे अस्तर बनवणाऱ्या, ऊतीच्या बनलेल्या असतात. त्या रक्तद्रवातून मीठपाणी ओढतात आणि बाहेर सोडता सोडता नळीत त्यातलं बरंच मीठ परत घेतात. १ लिटर घाम पूर्ण वाळला तर शरीरातून सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता जाते. माठ गार होतो तोच न्याय. या सगळ्यांना हुकूम देणारी चेता ऊती, म्हणजे अधश्चेतक आणि त्याच्या नसा. आणि मूत्रपिंडांत दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो, त्यातला दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळा नळ्यांची अभिस्तर ऊती परत रक्तात ओढते. आजोबांच्या दोन्ही गोळ्या त्या गाळण्या-ओढण्याच्या यंत्रणेवर काम करतात. वहीत चार ऊतींची चार वेगळी चित्रं काढली असशील, तर त्यांच्यामधून रक्तवाहिनीची एक रेघ काढ. समस्थिती त्या रेघेवर घडते.

ताई, सोडियम ठीक झालं आणि डॉक्टरांनी कामाला परवानगी दिली की पुढचं नियोजन वजनकाट्यावर करा. शंभर सल्ल्यांपेक्षा हा एक काटा उपयोगी आहे. शेतात जाण्यापूर्वी लघवी करून, कमीत कमी कपड्यांत वजन घ्या. परतल्यावर घाम पुसून, तेवढ्याच कपड्यांत पुन्हा घ्या. १ किलो घट म्हणजे जवळपास १ लिटर पाणी गेलं. सकाळी ६२.० होतं, परतल्यावर ६१.२ भरलं आणि शेतात २ लिटर प्यायले, तर मधली लघवी सोडून घाम २.८ लिटर गेला. १.२ किलोपेक्षा जास्त घट, म्हणजे वजनाच्या दोन टक्क्यांच्या वर, झाली तर दुसऱ्या दिवशी पाणी थोडं वाढवा. आणि वजन सकाळपेक्षा वाढलं असेल, तर गरजेपेक्षा जास्त पाणी प्यायलं गेलं. तुमच्याकडे आतापर्यंत बहुधा हेच होत आलं असावं. लघवी पाण्यासारखी फिकी आणि वारंवार होते, हाताची बोटं फुगल्यासारखी वाटतात, तरी मळमळतं, ही त्याची साथीची लक्षणं. याउलट लघवी गडद पिवळी, थोडी आणि जळजळ होणारी, ज्याला आपण उन्हाळी लागली म्हणतो, आणि उठताना अंधारी, हे पाणी कमी पडल्याचं लक्षण. उन्हाळीसोबत ताप किंवा कंबरेत दुखणं असेल तर जंतुसंसर्ग आहे का ते तपासावं.

कामाच्या वेळी दर १५ ते २० मिनिटांनी एक पेला, २०० ते २५० मिली, हे माप चांगलं. तासाला सव्वा-दीड लिटरच्या वर कधीच नको. दोन तासांपेक्षा जास्त काम असेल तर सगळं साधं पाणी नको. अधूनमधून ताक, कैरीचं पन्हं किंवा ज्वारीची आंबील द्या, पेल्यात दोन बोटांची मिठाची चिमूट टाकून. पन्ह्यात गूळ बेताचा हवा, पाकासारखं गोड पन्हं पोटात रेंगाळतं. ओआरएस (जलसंजीवनी) घाम फार गेला किंवा जुलाब-उलटी झाली तरच. प्रमाणित ओआरएसच्या १ लिटरमध्ये मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५, पोटॅशियम क्लोराइड १.५ आणि सोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम असतं. त्यातलं एकूण सोडियम सव्वाचार-साडेचार ग्रॅम मिठाइतकं भरतं, म्हणून बीपीच्या माणसाला ते सरबतासारखं रोज तांब्याभर द्यायचं पेय नाही. लहान आतड्याच्या अस्तरातली अभिस्तर ऊती ग्लुकोज आणि सोडियम जोडीनेच आत घेते आणि त्यांच्यामागे पाणी येतं. डॉ. दिलीप महालनाबीस यांनी १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत याच जोरावर पटकीचे हजारो रुग्ण वाचवले. प्रमाण बिघडलं की मात्र उलटं होतं: साखर जास्त झाली तर पाणी रक्तातून आतड्यात ओढलं जातं. पाकिटावर जेवढं पाणी लिहिलं असेल तेवढंच मोजून घाला. पाकीट नसेल तर १ लिटर पाण्यात साखरेचे ६ सपाट चमचे आणि मिठाचा अर्धा सपाट चमचा. चमचा चहाचा, ५ मिलीचा.

परत कामावर जाताना पहिल्या दिवशी निम्मंच काम, दुसऱ्या दिवशी साठ टक्के, तिसऱ्या दिवशी ऐंशी, मग पूर्ण. उन्हाची सवय लागायला एक ते दोन आठवडे लागतात. त्या काळात घाम लवकर सुटू लागतो आणि अल्डोस्टेरॉन या संप्रेरकामुळे घामग्रंथी मीठ जास्त वाचवतात. सदऱ्याच्या पाठीवर मिठाचे पांढरे पट्टे उन्हाळ्याच्या सुरुवातीला जास्त आणि पुढे कमी दिसतात ते यामुळेच. आठवडाभर सुट्टी झाली की ही सवय उतरू लागते. त्यांच्या वयात घामही कमी सुटतो आणि तहानही उशिरा कळते. काम पहाटे साडेपाच ते दहा आणि गरज असेल तर संध्याकाळी पाचनंतर, असं बांधून घ्या. दहा ते बारा हे दोन तास जे काम देतात त्यापेक्षा जास्त घेतात. डोक्याला ओला दुपट्टा बांधावा, तो सुकला की पुन्हा ओला करावा. खिशातल्या कांद्याने काही होत नाही, तोच कांदा भाकरीबरोबर खावा.

शेतात असताना कुणाचंही अंग तापलं आणि सोबत माणूस बरळू लागला, तोल जाऊ लागला किंवा बेशुद्ध झाला, तर तो उष्माघात समजा. घाम सुटलेला असला तरीही. शरीराचं आतलं तापमान तेव्हा ४० अंश सेल्सिअसच्या वर असतं आणि काखेतला थर्मामीटर कमी दाखवू शकतो, त्यामुळे आकड्याची वाट पाहू नका. आधी गार करा, मग हलवा. एकाने १०८ला फोन करावा, बाकीच्यांनी सावलीत नेऊन कपडे उतरवावेत आणि मोटारीचं किंवा हौदाचं पाणी अंगावर सतत ओतत राहून दुपट्ट्याने जोरात वारा घालावा. उन्हात पडलेल्या पाइपातलं पहिलं पाणी कढत असतं, ते आधी वाहून जाऊ द्या. बर्फ असेल तर मान, काखा, जांघा. पूर्ण शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जातं. पॅरासिटामॉल देऊ नका, या तापात ते उपयोगाचं नाही आणि तापलेल्या यकृतावर बोजा पडतो. माणूस शुद्धीवर येऊन नीट बोलू लागला तरी रुग्णालयात न्यायचंच, कारण स्नायू, यकृत आणि मूत्रपिंडांची हानी पुढच्या एक-दोन दिवसांत दिसते. लघवी काळ्या चहासारखी झाली तर स्नायूंच्या पेशी फुटून त्यातलं रंगद्रव्य मूत्रपिंडात उतरतंय. हे डॉक्टरांना लगेच सांगा.

बीपीची गोळी बदलली किंवा पुन्हा सुरू झाली, तर एक ते दोन आठवड्यांनी सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन पुन्हा तपासा. मृगाच्या पावसानंतर उकाडा दमट होतो, घाम गळतो पण वाळत नाही, त्यामुळे वजनाची वही तेव्हाही चालू ठेवा. आणि डॉक्टरांकडे जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घालून न्या, मेडिकलमधून स्वतः आणलेल्या गोळ्यांसकट.